हवेतले पाणी काढणारे यंत्र आणि मावशीचा पंप

‘घरात डिह्युमिडिफायर लावा, दमा विसरा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. डिह्युमिडिफायर म्हणजे हवेतले बाष्प ओढून ते टाकीत पाणी म्हणून साठवणारे यंत्र. संदेश म्हणतो: हवेतली आर्द्रता कमी झाली की ऑक्सिजन वाढतो. दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आणि फुफ्फुसाच्या फायब्रोसिसच्या रुग्णांना मग पंपाची, म्हणजे श्वासावाटे औषध घेण्याच्या इनहेलरची, गरज उरत नाही. यंत्र चोवीस तास चालवून आर्द्रता ३० टक्क्यांवर आणावी. टाकीत साठणारे पाणी ‘शुद्ध डिस्टिल्ड’ असल्याने ते नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाची वाफ करून देणाऱ्या यंत्रात, वापरावे. आणि यंत्र परवडत नसेल तर खोलीच्या चार कोपऱ्यांत खडेमिठाच्या वाट्या ठेवाव्यात, असे त्यातले दावे आहेत. खाली कोणा अनामिक ‘सुप्रसिद्ध फुफ्फुसतज्ज्ञां’चा हवाला आहे. हा संदेश सावंतवाडीला राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिला जुना दमा आहे. सकाळचा पंप आता बंद केला तर चालेल का, असे तिने फोन करून विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी जे खरे आहे ते नाइलाजाने मान्य करतो. ओल आणि बुरशी फुफ्फुसांना वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली असून, अशा घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दम्याचा जोर वाढण्याचा धोका अधिक असतो, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. धुळीतले माइट हे सूक्ष्म कीटक दमट हवेवर जगतात आणि आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांखाली राहिली तर वाळून मरतात. गरम, दमट हवा नुसती हुंगल्यानेही काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसतात. तेव्हा जुलै महिन्यात, घरातच दोरीवर कपडे वाळत असताना आणि कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटलेले असताना, बंद खोलीत हे यंत्र चालवून एखाद्याला मोकळे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र मोकळे वाटणे आणि आजार आटोक्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑक्सिजनचा दावा गणिताने तपासता येतो. ३० अंश तापमानाच्या हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली तर ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २०.२ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर जाते. हा किरकोळ फरकही फुफ्फुसापर्यंत टिकत नाही, कारण नाक, घसा आणि श्वासनलिका आत येणारी प्रत्येक हवा वाटेतच ३७ अंशांपर्यंत गरम आणि बाष्पाने पूर्ण संपृक्त करतात. बाहेरची हवा कोरडी असो वा दमट, वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या सूक्ष्म पिशव्यांत, पोहोचताना तिच्यात बाष्प तेवढेच असते.

पंप बंद करण्याच्या सल्ल्याला उत्तर म्हणून एकच दाखला पुरेसा आहे. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी ‘दीर्घकालीन दम्यासाठी डिह्युमिडिफायर’ याच विषयावर कॉक्रेन आढावा, म्हणजे उपलब्ध सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास, केला असून त्याची सुधारित आवृत्ती २०१३ ची आहे. निकषांत बसणाऱ्या चाचण्या त्यांना जेमतेम दोन मिळाल्या, एक ४० घरांतली आणि दुसरी १२० घरांतली. दोन्हींत माइटची अ‍ॅलर्जी असलेले दमेकरी होते, आणि त्यांच्या घरी बाजारात मिळणारा सुटा डिह्युमिडिफायर नव्हे, तर आतली दमट हवा बाहेर टाकून ताजी हवा आत आणणारी कायमस्वरूपी यंत्रणा बसवली होती. मोठ्या चाचणीत संध्याकाळचा पीक फ्लो, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग, काहीसा सुधारला. सकाळचा लक्षणीयरीत्या बदलला नाही, आणि दम्यावरील नियंत्रणाच्या बहुतेक मोजमापांत ठळक लाभ दिसला नाही. इतकी खर्चिक यंत्रणा बसवून जिथे एवढेच हाती लागले, तिथे एका सुट्या यंत्राच्या भरवशावर औषध सोडायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. स्टेरॉइडचा रोजचा पंप श्वासनलिकांची सूज दाबून ठेवतो. तो सोडला तर पहिले काही दिवस कदाचित काहीच जाणवत नाही, आणि त्या काळात यंत्राला श्रेय मिळते. पुढे एखाद्या साध्या सर्दीच्या निमित्ताने सूज उसळते, तेव्हा रुग्णाला मध्यरात्री दवाखान्यात न्यावे लागते. फायब्रोसिसमध्ये तर फुफ्फुसाच्या ऊतीवरच व्रण पडलेले असतात. खोलीतली हवा कोरडी करून ते कसे मिटणार, हे संदेशात कोठेही सांगितलेले नाही.

सर्वांत संताप आणणारा दावा टाकीतल्या पाण्याचा आहे. बाष्पापासून थेंब बनतो त्या क्षणी त्यात क्षार नसतात, एवढ्याच अर्ध्या सत्यावर तो उभा आहे. पुढे तो थेंब धूळ बसलेल्या धातूच्या कॉइलवरून ओघळतो, प्लॅस्टिकच्या टाकीत पडतो आणि उबदार खोलीत तासन्‌तास उघडा राहतो. चार दिवस न धुतलेल्या टाकीच्या तळावरून बोट फिरवले तर बुळबुळीत थर हाताला लागतो. तो सूक्ष्मजीवांचा असतो. नेब्युलायझर याच पाण्याचे बारीक तुषार करून ते थेट फुफ्फुसात खोलवर पोहोचवतो. निर्जंतुक नसलेले पाणी अशा उपकरणांत वापरल्याने लीजनेलासारख्या जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि स्टेरॉइडवर असलेल्या वृद्धांना तो झेपत नाही. शिवाय हे पाणी खरोखर निर्जंतुक आणि डिस्टिल्ड असते, तरीही ते चालले नसते. डिस्टिल्ड पाण्याचे तुषार हुंगायला देऊन श्वासनलिका किती चटकन आकसतात हे पाहण्याची दम्याची एक तपासणीच आहे. म्हणजे दम्याचा झटका आणू शकणारी गोष्ट हा संदेश उपचार म्हणून घरोघर वाटतो आहे. नेब्युलायझरमध्ये औषध पातळ करायचे असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले निर्जंतुक ०.९ टक्के सलाइनच वापरावे. त्याच्या छोट्या कुप्या औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. टाकीतले पाणी मोरीत ओतावे.

चोवीस तास यंत्र चालवून ३० टक्के गाठण्याचा आग्रहही चुकीचा आहे. क्षयरोगानंतर ब्राँकिएक्टॅसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठण्याचा आजार, झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचा कफ अतिकोरड्या हवेत घट्ट होतो आणि सुटता सुटत नाही. त्यात प्रत्येक लिटर पाणी गोळा होताना सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता खोलीत सुटते, शिवाय यंत्राची स्वतःची वीज उष्णतेत बदलते ती वेगळीच. एसी ही उष्णता बाहेर फेकतो, डिह्युमिडिफायर ती आतच ठेवतो. धाप लागणाऱ्या माणसाला अशा तापलेल्या बंद खोलीत बसवून काय साधणार? साधारण ५० टक्के पुरेसे असतात, आणि ते पाहण्यासाठी छोटा आर्द्रतामापक मिळतो.

मिठाच्या वाट्यांवर फार शब्द खर्च करायला नकोत. शुद्ध मीठ आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर असेल तरच हवेतले पाणी ओढते, त्यामुळे हव्या त्या पातळीपर्यंत खोली आणणे त्याला जमणारच नाही.

मावशीच्या घराचा प्रश्न तर आणखी साधा आहे. तिचे घर कौलारू आहे, भिंत आणि छप्पर यांच्यामधून दिवसभर वारा खेळतो, त्यामुळे तिथे डिह्युमिडिफायर लावणे म्हणजे सगळ्या सावंतवाडीची हवा वाळवायला घेणे. यंत्रासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी माजघरातल्या भिंतीची गळती बंद करावी आणि चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करावी, असे मी तिला सांगितले आहे; धुराचे कण डिह्युमिडिफायर तसेही अडवत नाही. सकाळचा पंप चालू आहे, आणि त्यात कोणताही बदल करायचा तर तो तिच्या डॉक्टरांनीच करायचा आहे.