पास वसूल

आर्लला पोहोचल्याबरोबर हिनं काय केलं, तर सगळ्या पुरातन वास्तूंचा एकत्र पास काढला. सुटी तिकिटं महाग पडतात, हे खरंच. पण पास हातात आला की मराठी माणूस पर्यटक राहत नाही, वसुली अधिकारी होतो.

दक्षिण फ्रान्समधलं रोन नदीकाठचं हे गाव रोमन लोकांनी हौसेनं बांधलं, फक्त गुडघ्यांचा विचार करायचा राहून गेला. इसवी सन 90च्या सुमाराचं ते अ‍ॅम्फिथिएटर बघा. वीसेक हजार माणूस बसेल एवढं. रोमन साम्राज्य बुडाल्यावर लोक सरळ आतच राहायला आले. दोनशेवर घरं, प्रार्थनेची सोय, टेहळणीला बुरूज. थोडक्यात, अंडाकृती चाळ. एकोणिसाव्या शतकात घरं पाडून रिंगण मोकळं केलं. त्या बिऱ्हाडांना पर्यायी जागा मिळाली का, हा माझा रास्त प्रश्न हिनं "अहो, वर चला, बुरुजावरून नदी दिसते," म्हणत निकालात काढला.

शेजारच्या रोमन नाट्यगृहाचे दोनच उंच खांब उभे आहेत. गावात त्यांना 'दोन विधवा' म्हणतात. ही त्यांच्याकडे जरा जास्तच कौतुकानं बघायला लागली, तेव्हा मी विषय बदलला. इथंच 1651 मध्ये सापडलेली व्हीनस देवीची मूर्ती राजा चौदाव्या लुईकडे गेली आणि आता पॅरिसला लूव्र संग्रहालयात असते. हे सांगायला नको होतं. हिनं लगेच लूव्रचं तिकीट केवढ्याला, ते बघितलं.

माझं लाडकं ठिकाण म्हणजे नगरपालिकेखालचं तळघर. उतारावरचा रोमन चौक सपाट राहावा म्हणून खाली बांधलेल्या या कमानदार गल्ल्या. बघण्यासारखं फारसं काही नाही, पण गारवा! शिवाय चढ नाही. मी प्रत्येक कमान अभ्यासूपणे न्याहाळली.

गावातलं सर्वांत देखणं काम मात्र सँ-त्रोफीम चर्चच्या बाराव्या शतकातल्या दारावर आहे, आणि ते रस्त्यावरून फुकट दिसतं. त्यामुळे ही तिथं रेंगाळेना. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला अंगभर कपड्यांतले पुण्यवान आणि दुसऱ्या बाजूला एका साखळीत बांधलेले उघडे पापी, एकामागोमाग नरकाकडे निघालेले. त्यांनीही एकत्र पास काढला असणार.

शेवटी आलिसकाँ, म्हणजे रोमन काळातली दफनभूमी. झाडांखालून जाणारी वाट, दोन्हीकडे दगडी शवपेट्या. व्हॅन गॉग आणि गोगँ यांनी 1888च्या शरदात इथं चित्रं काढली. चांगल्या नक्षीच्या पेट्या गावच्या कारभाऱ्यांनी पूर्वीच बड्या पाहुण्यांना भेट देऊन टाकल्या. (पाहुण्यांचे चेहरे बघायला हवे होते.) उरलेल्यांपैकी एकीवर मी हळूच टेकायला गेलो.

"अहो, त्यावर बसायचं नसतं!"

"बसायचंय कुणाला," मी म्हटलं, "झाकण तेवढं सरकव."