अमेरिकेचं विमान "वळसा" घालतं म्हणणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजार ते मांजलपूर, प्रत्येक मराठी घरातलं कुणी ना कुणी न्यू जर्सीला आहे, म्हणून तो फॉरवर्ड सगळ्यांकडे आलाय: नकाशावर पट्टी ठेवा, सरळ रस्ता इजिप्त-मोरोक्कोवरून जातो, तरी विमान मुद्दाम रशिया-आइसलँडकडून नेतात, भाडं वाढवायला. साफ चूक आहे हे.

आधी पट्टीचं बघू. भिंतीवरचा तो नकाशा बहुतेक वेळा मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा, 1569 चा, जहाजवाल्यांसाठी केलेला. त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या 14 पट आहे. पट्टीची रेघ म्हणजे रंब लाइन, म्हणजे कंपासचा कोन शेवटपर्यंत तोच ठेवायचा, खलाशाला सोपं, पण अंतर कमी नाही. आता पोरांचा पृथ्वीगोल काढा, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि घट्ट ताणा. दोरा आपोआप वर सरकतो, मध्य आशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, आइसलँड, मग ग्रीनलँडच्या टोकापाशी. हेच ग्रेट सर्कल, म्हणजे गोलावरची सगळ्यात जवळची वाट. ह्या वाटेने सुमारे 12,500 किमी, पट्टीच्या वाटेने 14,200 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन तास जास्त!

भाड्याचं तर बोलूच नका, इंधन हा कंपनीच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक, उगाच लांबून कोण नेईल?

"पायलट एकदा दिशा लावतो, ती बदलत नाही" हेही त्या फॉरवर्डमध्येच लिहिलंय, तेही चूक. मुंबईहून ग्रेट सर्कलने निघालात तर सुरुवात 333 अंशांच्या आसपास (उत्तर म्हणजे 0, तिथून घड्याळाच्या काट्यांसारखं मोजायचं), आइसलँडच्या थोडं अलीकडे बरोबर पश्चिम म्हणजे 270, आणि न्यूयॉर्कला पोचताना 214 च्या जवळपास. कॉम्प्युटर वाटेचे छोटे तुकडे करून जरा जरा वळवत नेतो, सीटवर बसून कळतसुद्धा नाही. बडोदा-दिल्लीसारख्या छोट्या फ्लाइटला मात्र दोन्ही वाटांत फरक जवळपास नाहीच.

हां, विमान दरवेळी अगदी दोऱ्यावरूनच जातं असंही समजू नका, वारा असतो, बंद हवाईहद्दी असतात. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, अंतर वाढून सुमारे 15,300 किमी झालं, तरी मागून जोराचा वारा मिळाल्याने वेळ वाचला.