नऊची शाळा

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, कारण मुलांची झोप पुरी होत नाही, असा निर्णय राज्याच्या शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तेव्हा आमच्या घरात दिवाळीचा बोनस जाहीर झाल्यासारखा आनंद झाला होता. तोवर आमची कन्या सव्वासातच्या शाळेला जात असे. म्हणजे सातच्या आत तिला अर्धवट झोपेत व्हॅनमध्ये ठेवले जाई आणि मी माझी उरलेली झोप दाराच्या चौकटीला टेकून भागवत असे. आता दोन तास हाती येणार होते. त्या दोन तासांत मी पर्वती चढणार होतो, वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचणार होतो आणि चहा गरम असताना पिणार होतो.

प्रत्यक्षात पूर्वी आम्हाला पाच मिनिटे उशीर होत असे आणि आजही पाच मिनिटेच होतो. मधले दोन तास गेले कुठे, याचा तपास मी दोन वर्षे करतो आहे. संशयित दोन आहेत. एक तिसरीत आहे, दुसरा मोठ्या गटात.

पहिला अर्धा तास सायीत जातो. दुधावर साय येणे हा चिरंजीवांच्या मते घरच्या मोठ्या माणसांनी संगनमताने केलेला गुन्हा आहे. दूध गाळून दिले तरी ते पेल्यात डोळा घालून तपासणी करतात, नखाएवढा तरंग सापडला की पेला परत येतो आणि गाळणे पुन्हा धुतले जाते. गाळलेली साय माझी आई वाटीत जमवते. आठवड्याने तिला विरजण लागते, लोणी निघते, ते कढते, आणि तूप गाळून झाल्यावर खाली उरणारी बेरी साखर घालून खाण्यासाठी ओट्यापाशी सर्वांच्या आधी ताटली घेऊन उभे असतात ते हेच चिरंजीव. ही बेरी म्हणजे तू गेल्या आठवड्यात नाकारलेली सायच आहे, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितले. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पेल्यात आधीच बेरी का नाही घालत?" मला अजून उत्तर सुचलेले नाही.

पत्नी पावणेआठला कंपनीच्या बसने हिंजवडीकडे रवाना होते. जाताना ती सांगते, "सगळं काढून ठेवलंय, तू फक्त मोजे तेवढे घाल." या वाक्यातल्या 'फक्त'चा अर्थ मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळला.

मोज्याला बोटांपाशी एक शिवण असते आणि ती टोचते. मोठ्या माणसांना हे खोटे वाटते. मलाही वाटत होते, म्हणून एके दिवशी खात्री करून घ्यावी या हेतूने मी ऑफिसला जाताना स्वतःच्या मोज्यातल्या शिवणीकडे लक्ष दिले, आणि दिवसभर मला दुसरे काहीही सुचले नाही. तेव्हापासून मी निमूटपणे मोजा उलटा करतो, शिवण बाहेर ठेवतो, टाच टाचेवर आणतो आणि करंगळी आत दुमडली नाही ना हे चाचपून पाहतो. हे सारे चालू असताना चिरंजीव बसत नाहीत; ते एका पायावर उभे राहतात आणि तोल सावरण्यासाठी दोन्ही मुठींत माझे केस धरतात, म्हणजे जे काही उरले आहेत ते. त्यांतली एक मूठ नुकतीच केळ्यातून बाहेर आलेली असते. वरून दुधाचा वास येत असतो आणि "बाबा, तुझ्या डोक्याला मध्ये खिडकी आहे" अशी बातमीही येते. घड्याळात आठ सत्तावीस झालेले असतात आणि खरे सांगायचे, तर त्या क्षणी दुसरा मोजा चढवण्याची मला मुळीच घाई नसते.

आई हे सर्व सोफ्यावरून पाहत असते. "आमच्याकडे चार पोरं होती, पण असा तमाशा कधी नव्हता," असे तिचे रोजचे म्हणणे आहे. याबाबत माझे मत वेगळे आहे, कारण त्या चारांपैकी एक मी होतो आणि चौथीत एकदा एका पायात बूट व दुसऱ्या पायात बहिणीची चप्पल अशा वेषात मी प्रार्थनेला उभा राहिलो होतो.

परवा मोजे चढले, व्हॅनला नऊ मिनिटे होती, आणि मी चहाच्या कपाकडे हात नेत होतो. तेवढ्यात कन्या वेणीला रिबीन लावून घेता घेता म्हणाली, "बाबा, परिसर अभ्यासाच्या वहीत चिकटवायला पाच वेगवेगळी पानं हवीयेत. आजच. बाईंनी शुक्रवारी सांगितलं होतं."

आमच्या सोसायटीच्या बागेत एकाच जातीची शोभेची झाडे एका ओळीत उभी आहेत आणि त्यांचे पान तोडणाऱ्यास शंभर रुपये दंड आहे. हा नियम मी कमिटीवर असताना मीच आग्रहाने मंजूर करून घेतला होता. तेव्हा घरातच शोध सुरू झाला. तुळशीचे पान आईने नमस्कार करून स्वतः काढून दिले. देवापुढच्या विड्यातले एक पान देवाची क्षमा मागून उचलले. फ्रिजमधून कढीपत्ता आला, मेथीच्या जुडीतून एक पान आले. पाचवे काही मिळेना. चिरंजीवांनी कोबी सुचवला. त्याचे पान वहीपेक्षा मोठे निघाले, तरी ते दामटून बसवण्याचा त्यांचा आग्रह होता. खालून व्हॅनवाल्या काकांनी दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तेव्हा आईने शांतपणे मसाल्याचा डबा उघडला आणि त्यातून एक तमालपत्र काढून नातीच्या हातात ठेवले.

मुले गेली. चहा गार झाला होता, तो मी तसाच प्यायलो.

संध्याकाळी वही परत आली. दप्तरातून ती बाहेर काढताच खोलीभर वास सुटला. पानांखाली कन्येने तक्ता आखला होता आणि 'हे पान कोठे आढळते?' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले होते: तुळस, गॅलरीत, विड्याचे पान, देवाजवळ, कढीपत्ता व मेथी, फ्रिजमध्ये, तमालपत्र, आजीच्या डब्यात. बाईंनी पाचही उत्तरांना बरोबरची खूण केली होती आणि खाली लाल शाईने विचारले होते, "मसालेभाताला कधी येऊ?"