आवाज गेला, पण नेमका कशामुळे? क्लचच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: 2014 ची वॅगन-आर, 62 हजार किलोमीटर. क्लच दाबला की चूं चूं आवाज, तोही इंजिन बंद असताना. माझ्या लेखात ‘आधी पेडलकडे बघा, पिव्हटला (पेडल ज्या खिळीवर हलतं तिला) तेल द्या’ असं वाचून तुम्ही डब्ल्यूडी-40 मारलं. चार दिवस शांतता, मग आवाज परत. शेवटी मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग) टाकला, साडेआठ हजार गेले आणि आवाज थांबला. म्हणून ‘स्वस्तातलं आधी’ हा सल्ला वेळखाऊ आणि दिशाभूल करणारा, असं तुमचं म्हणणं.

‘तेल द्या’ एवढंच लिहिणं ही माझी चूक, ती मान्य. डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी केलेलं द्रावण आहे, नावातला डब्ल्यूडीही तिथूनच आला. गंजलेला नट सोडवायला उत्तम. पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि जाताना बुशमधलं (खिळीभोवतीच्या नळकांड्यातलं) उरलंसुरलं जुनं ग्रीसही धुऊन नेतो. चार दिवसांनी आवाज परत येणं हे त्याचंच काम. पेडलच्या बुशला लिथियम ग्रीस लागतं, तेही जुना मळ फडक्याने पुसून. बुश लंबगोल झिजलं असेल तर ग्रीसने काही आठवडे निघतील, पुढे बुश बदलावंच लागतं.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. इंजिन बंद असताना आवाज येत होता, हे तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य. इंजिन बंद म्हणजे क्लच प्लेट, इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती, फिरत नाही, घासत नाही. पेडल दाबल्यावर तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब सुटतो, एवढंच. त्या स्थितीत प्लेट चूं चूं करू शकत नाही. पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या आतले बॉलही तेव्हा स्थिर असतात. हलतात फक्त पेडल, केबल, रिलीज शाफ्ट, बेअरिंगची नळीवरची सरक आणि प्रेशर प्लेटचा डायफ्राम (बोटांसारख्या पात्यांची स्प्रिंग). आवाज या पाचांतूनच येणार.

आता तुमच्या गाडीची रचना बघा. वॅगन-आरला केबलचा क्लच. बेअरिंगला ढकलणारा फोर्क एका शाफ्टवर (रिलीज शाफ्टवर) बसतो, शाफ्ट दोन बुशांत फिरतो, त्याचं एक टोक बेलहाउसिंगबाहेर (क्लचभोवतीच्या आवरणाबाहेर) येतं आणि केबलचा लिव्हर त्या टोकावर असतो. तिथे पावसाचं पाणी, चिखल, धूळ सगळं पोचतं. बुश कोरडं पडलं की लिव्हर हलताना जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरतो. क्लच सेट टाकताना गिअरबॉक्स खाली येतोच, आणि जाणता मेकॅनिक हात घातलाच आहे तर हा शाफ्ट आणि बेअरिंगची नळी साफ करून ग्रीस लावतो. तुमचा आवाज बहुधा त्या चिमूटभर ग्रीसने गेला. डायफ्रामच्या रिंगा कोरड्या पडून करकरत असतील तर मात्र नव्या प्रेशर प्लेटनेच गेला. तसं क्वचित होतं, आणि ती शक्यता मी लेखात घेतली नव्हती.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी अर्ध्या तासात होणारी एक चाचणी होती. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या अ‍ॅडजस्टिंग नटपुढे किती आटे उघडे आहेत ते मोजून ठेवा, नट सैल करा, केबल लिव्हरवरून काढा. आता दुसऱ्या कुणाला पेडल दाबायला सांगा. मेख अशी की ताण नसलेलं पेडल बुश खराब असूनही गप्प राहू शकतं, आणि मग आपण उगाच गिअरबॉक्सला दोष देतो. म्हणून केबलचं टोक पक्कडीत धरून थोडं रोखून धरा. तरीही आवाज आला तर पेडल किंवा केबल. नाही आला तर बेलहाउसिंग. पेडल की केबल हे ठरवायला सीट मागे सरकवा, डोकं पेडलखाली घाला, एका हाताने पेडल दाबा आणि दुसऱ्या हाताचं बोट बुशवर ठेवा. केबिनमध्ये आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटतो, बोटाला मात्र थरथर नेमकी जागा दाखवते.

केबलच्या आत तेल ओतू नका. बहुतेक केबलींत आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, तेलाने तिथे धूळ चिकटून राडा होतो. तार अडकत असेल किंवा तिचे धागे तुटले असतील तर केबल बदला, ती सेटच्या मानाने फारच स्वस्त आहे. जोडताना मोजलेले आटे हा फक्त आधार. पेडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल जेवढं सैल हलतं ते अंतर) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावा. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजते तसा हा प्ले कमी होत जातो. तो शून्यावर आला की बेअरिंग कायम टेकून फिरतं आणि लवकर जातं.

इंजिन चालू असताना येणाऱ्या आवाजांबद्दल तुम्ही विचारलेली शंका रास्त आहे. लेखात मी लिहिलं होतं की न्यूट्रलमध्ये पेडल दाबताच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग, आणि पेडल सोडल्यावर येणारा आवाज दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. केबलच्या गाडीत प्ले बरोबर असेल तर हे चालतं. हायड्रॉलिक क्लचच्या (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत मात्र रिलीज बेअरिंग डायफ्रामला हलकंसं कायम टेकलेलं असतं. तिथे झिजलेलं रिलीज बेअरिंगही पेडल सोडल्यावर किरकिरतं आणि नुसता पाय ठेवला, सेंटिमीटरभर दाबलं, की गप्प होतं. एवढ्याने आवाज गेला तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल पूर्ण दाबून इनपुट शाफ्ट थांबल्यावरच गेला तर शाफ्टच्या बेअरिंगवर. हा फरक लेखात घालतो.

ग्रीसचं प्रमाणही लिहायला हवं होतं. शाफ्टच्या बुशला आणि फोर्कच्या टोकांना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ थर. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (प्लेट बसते त्या दातेरी खाचांना) मुगाच्या दाण्याएवढं, वर प्लेट एकदा सरकवून बाहेर आलेलं पुसून टाकायचं. जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं, आणि मग क्लच घसरतो किंवा गाडी उचलताना थरथरते. याच कारणाने बेलहाउसिंगच्या फटीतून कुठलाही स्प्रे मारू नये. नवं बेअरिंग पेट्रोलने धुण्याची सवय काहींना असते, त्याने आतलं भरलेलं ग्रीस जातं आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कोरडं.

साडेआठ हजार वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. 62 हजारांवर गिअरबॉक्स उतरलाच असेल तर बेअरिंग बदलणं शहाणपणाचं, कारण मजुरी पुन्हा भरावी लागत नाही. प्लेट बदलायची की नाही हे मात्र ती मोजून ठरतं. जुने भाग मेकॅनिककडून आणले असतील तर प्लेटच्या रिव्हेटची डोकी अस्तराच्या किती खाली आहेत ते बघा. अर्धा मिलिमीटर किंवा कमी असेल तर तिचं आयुष्य संपत आलं होतं. बेअरिंग बोटात धरून दाबून फिरवा, खरखर लागते का बघा. डायफ्रामच्या बोटांवर बेअरिंग टेकतं तिथे खोल खाच पडली आहे का, तेही पाहा. तिन्ही भाग ठीक निघाले तर कळवा, म्हणजे शाफ्टच्या बुशबद्दलचा माझा अंदाज पक्का धरता येईल.