आंब्याचा झेला आणि ऑलिंपिकची उडी

पॅक माझा, मोबाईल माझा, सबस्क्रिप्शनचे पैसे माझ्या खात्यातून गेलेले, आणि आख्ख्या वाडीत स्की जंपिंग, म्हणजे पायाला लांब स्की बांधून बर्फाच्या उतारावरून हवेत झेप घ्यायचा खेळ, कळणारा माणूस एकटा मी. तरी हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांच्या लार्ज हिलची, म्हणजे मोठ्या टेकडीवरची स्पर्धा तात्यांनी पाहिली, काकीने पाहिली, शेजारच्या दोन पोरांनी पाहिली, सोफ्यावर झोपलेल्या मांजराने एक डोळा उघडून पाहिली. मी नाही पाहिली. मी बाहेर होतो.

कसा, ते पटकन सांगून टाकतो. मालवण तालुक्यातली आमची वाडी, आमचं घर खाली बागेत, तिथे रेंज नावालाही नाही. तात्यांचं घर वर घाटीला, आणि त्यांच्या मुलाने गणपतीत येताना मुंबईहून मोठा स्मार्ट टीव्ही आणलेला. इंटरनेटची वायर मात्र रस्ता खणणाऱ्या जेसीबीने तोडली ती तोडलीच. म्हणून ठरलं की माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि तात्यांच्या टीव्हीवर बघायचं. तात्यांच्या घरातही रेंज येत नाही, ती येते बाहेर गडग्यावर, फणसाच्या बाजूला, आणि तीही हात डोक्याच्या वर केल्यावर. गडग्यावर चिरे रचून फोन ठेवून पाहिला, जमेना. हात वर करून धरला तर दोन काड्या आल्या आणि आतून पोरं ओरडली, "इला, इला!" पाच मिनिटांत माझा खांदा बोलायला लागला. मग तात्या आतून आंब्याचा झेला घेऊन आले.

ज्यांनी झेला पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, लांब काठी, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी, आणि देठ कापायला वर एक पातं. देठाला पातं लावून ओढलं की आंबा अलगद जाळीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा सुधारित 'नूतन झेला' काढला तेव्हा त्यात आंब्याचा विचार झाला असणार, मोबाईलचा नाही. तात्यांनी माझा फोन त्या जाळीत टाकला, स्क्रीनपासून बोटभर अंतरावर ते पातं, आणि काठी माझ्या हातात दिली. "असोच धर. हालू नुको," म्हणाले आणि आत जाऊन आरामखुर्चीत बसले. चार काड्या आल्या ना राव! एवढी रेंज मी कणकवलीत पण पाहिली नव्हती. आता त्याला खाली उतरवू कसा?

इथे टॉवरबद्दल बोललंच पाहिजे, माफ करा. टॉवर आहे. सड्यावर उभा आहे, लाल-पांढरा रंग देऊन झालाय, कुंपण घालून झालंय, नारळ फोडून फोटो काढून झालेत. फक्त तो चालू नाही, कारण विजेचं कनेक्शन यायचंय. दर निवडणुकीला कोणीतरी येऊन त्याच्याकडे बोट दाखवतो आणि "हा आपण आणला" म्हणतो. आणलात हो, पण आम्ही काय त्याच्यावर वेल चढवायचे?

तर मी झेला धरून उभा. खिडकीतून टीव्हीचा एक कोपरा दिसत होता, तोही तात्यांच्या टकलाच्या मागचा. म्हणजे ऑलिंपिक मला कळायचं ते तात्यांच्या तोंडून. तात्यांचं आयुष्य रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलंय, बर्फ त्यांना माहीत तो जेटीजवळच्या फॅक्टरीतल्या लाद्यांचा, मासळीच्या पेटीत टाकायचा. इटलीतल्या प्रेदात्सोचा तो पांढराशुभ्र डोंगर बघितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "इतको बर्फ! आणि मासळी खंय हा?"

"तात्यानू, खेळ चालू झालो काय?" मी बाहेरून.

"बाकार बसलो हा."

"कोण?"

"कोणतरी. पिवळी टोपी."

"नाव लिवलेला असतला बघा खाली."

"लिवलेला हा. माका चश्मो नाय."

मग बराच वेळ शांतता. मला सांगा, वर्षभर ज्याची वाट बघितली तो माणूस दांड्यावर बसलाय, खाली कोच झेंडा घेऊन उभा असणार, दिवा लालचा हिरवा होणार, तो ताशी नव्वदच्या आसपास वेगाने घसरत येऊन स्वतःला हवेत फेकणार, आणि मला यातलं काय दिसतंय, तर फणसाचं खोड.

"अजून बसलोच हा," तात्या म्हणाले. मग, "उठलो. परत गेलो."

"परत? कित्याक?"

"वारो."

हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कॉमेंट्री इंग्रजीत चालू होती आणि तात्यांना इंग्रजी कळत नाही. पण टेकडीच्या बाजूच्या झेंड्या बघून त्यांना समजलं की वारा बाजूने मारतोय आणि पोराला मागे घेतलंय. इथे मला माझं ज्ञान दाखवायची संधी होती, एवढ्यासाठी तर मी आलो होतो. म्हणून मी खिडकीतून मोठ्याने समजावायला लागलो की तात्यानू, ह्यात वाऱ्याचे पण मार्क असतात, समोरून वारा आला तर...

"तर मार्क कापतले," तात्या म्हणाले. "समोरसून वारो इलो तर तो उचालतलोच तेका. तेच्यात तेचो काय पराक्रम? पाठसून इलो तर माणूस खाली बसता, तेका वायच जास्ती द्यायचे. सरळ हा."

सरळ हा म्हणे! अहो, हे गणित त्या युरोपियन लोकांनी टेकडीभर वारा मोजायची यंत्रं बसवून, सूत्रं मांडून, चालू शतकात आणलं. त्याआधी कितीतरी वर्षं ज्याच्या वाट्याला चांगला वारा तो जिंकायचा आणि बाकीचे नशिबाला शिव्या द्यायचे. मी हे सगळं रात्र रात्र वाचून समजून घेतलेलं. आणि रापणीवाल्या माणसाने ते चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या कोपराला डास चावत होता आणि दोन्ही हात काठीला होते.

"इलो, इलो... उडालो!" आतून एकदम कल्ला. "अजून वरच हा... अजून हा... इलो खाली. हात कित्याक पसरता ह्यो?"

"टेलिमार्क," मी ओरडलो. "एक पाय पुढे, एक मागे, हात पसरायचे. नायतर मार्क जातत."

"मार्क देता कोण?"

मग मी अंधारात उभा राहून सांगितलं. पाच परीक्षक, प्रत्येकाकडे वीसपैकी, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दिलेले काढून टाकायचे. शिवाय अंतराचे वेगळे, के पॉईंटवर, म्हणजे टेकडीवर आखलेल्या ठरावीक अंतराच्या रेषेवर पडलात तर 60, त्याच्या पुढे लार्ज हिलवर मीटरमागे 1.8. काकीला हे फार आवडलं, तिच्या मते शाळेत पण असंच पाहिजे, सगळ्यात खडूस मास्तराचे मार्क काढून टाकायचे. तात्यांनी मात्र नेमकं तिथेच बोट ठेवलं, "आणि बेरीज चुकली तर?"

बेरीज चुकली होती, तात्यानू! मला तर स्फुरणच चढलं. 1924 साली शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, तिथे स्की जंपिंगमध्ये अँडर्स हॉगन नावाचा अमेरिकेचा माणूस गणितातल्या घोळामुळे चौथा ठरला, आणि कांस्यपदक नॉर्वेच्या थोरलाइफ हाउगला गेलं. चूक लक्षात येऊन पदक हॉगनला मिळालं 1974 मध्ये. पन्नास वर्षांनी! तेव्हा त्याने ऐंशी ओलांडलेली. हाउग कधीच वारला होता, पण त्याच्या मुलीने ते पदक स्वतःच्या हाताने हॉगनला दिलं.

आत शांतता पसरली. मला वाटलं, हलली माणसं.

"पोरीन दिल्यान?" तात्या.

"होय."

"कोर्टात नाय गेली?"

"नाय."

"मगे आमच्या सातबाऱ्याचा सांग," तात्या म्हणाले, आणि पुढच्या तीन की चार उड्या गेल्या त्या सातबाऱ्यात. आजोबांच्या वेळी कारकुनाने एका नावाऐवजी भलतंच नाव लिहिलं, मग त्या नावाचे वारस, वारसांचे वारस, आता एका माडाखाली उभं राहायला बावीस सह्या लागतात आणि त्यातल्या निम्म्या सह्या नालासोपाऱ्यात राहतात. मी हे बारा वेळा ऐकलंय. माझ्या घरचंही काही वेगळं नाही, म्हणून हसूही येईना. नॉर्वेच्या त्या बाईला आमच्या तलाठी सजात एक दिवस आणून बसवायला पाहिजे, बघू मग किती दिलदारी टिकते ती.

"तात्यानू, उड्यो!" मी कळवळून ओरडलो.

"चालू आसत. तू काठी सरळ धर, गोल गोल फिराक लागला."

दुसरी फेरी चालू झाली. यात पहिल्या फेरीतले तीसच राहतात आणि उलट्या क्रमाने उडतात, म्हणजे जो पुढे आहे तो सगळ्यात शेवटी. सगळी मजा त्या शेवटच्या दोन-तीन उड्यांत असते. तोपर्यंत काकीचं लक्ष त्या लोकांच्या अंगाकडे गेलं होतं. "ह्येंका घरात कोण जेवाक घालीत नाय काय रे?" मी सांगितलं की हलका माणूस लांब जातो, म्हणून हे लोक इतके उपाशी राहायला लागले की शेवटी नियम करावा लागला, वजन फार कमी असेल तर स्की पण आखूड वापरायची. त्यावर काकीने खिडकीतून माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता आत वळली. बोलली असती तर परवडलं असतं.

कपड्यांचं पण सांगितलं. सूट जरा सैल असला की हवा धरतो, म्हणून मिलिमीटरने मापं घेतात, आणि 2025 मध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या टीमने सूटच्या जांघेत जाड दोरा शिवून ठेवला तो पकडला गेला. काकी शिवणकाम करते. तिला यात काहीच विशेष वाटलं नाही. "दोरो वरसून दिसता म्हणजे शिवणारोच कच्चो."

एव्हाना हात पार गेले होते. काठी मी पोटाला टेकवून धरली होती, दव पडायला लागलं होतं, आणि माझ्या डोक्यात नागानो चालू होतं. 1998 ला जपानमध्ये सांघिक स्पर्धेत बर्फाचं वादळ आलं, खेळ थांबला, आणि तो तिथेच संपवला असता तर जपान चौथा. तेव्हा ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं त्या 25 टेस्ट जंपरनी, म्हणजे टेकडी तपासायला उडणाऱ्यांनी, त्या वादळात एकामागून एक उड्या मारून दाखवल्या की बघा, उडता येतं. खेळ पुन्हा चालू झाला, जपानचा हाराडा 137 मीटर गेला, जपानला सोनं. हाराडाला सगळे ओळखतात. त्या पंचवीस जणांना निदान बर्फ तरी दिसत होता.

"शेवटचो हा!" पोरं ओरडली. "बसलो! हिरवो झालो!"

आणि झेल्यात फोन वाजला.

मुंबईचा चुलतभाऊ. माझ्याशिवाय स्की जंपिंग बघणारा आमच्या खानदानातला दुसरा आणि शेवटचा माणूस. आमच्याकडे कॉल आला की नेट मरतं. आतून एकच आरडाओरडा, "थांबलो! हवेतच थांबलो!" मी काठी खाली घेतली, पात्याच्या बाजूने बोटं घालून फोन काढला, तर "बघतंस काय रे? काय उडी मार..." एवढंच ऐकू आलं, कारण फोन खाली आल्यावर रेंज गेली. पुन्हा जाळीत टाकला, काठी वर. दोन काड्या, एक काडी, शून्य. आत जाऊन बघतो तर टीव्हीवर तो माणूस आकाशात आडवा, स्की व्हीसारख्या फाकलेल्या, डोक्यावर तो फिरणारा गोल. तात्या, काकी, दोन पोरं सगळी त्याच्याकडे बघत बसलेली. पुढचं काही आलंच नाही. मेसेज आला तो दिवसाचा डेटा संपल्याचा.

"तुका आताच फोन येवचो हुतो?" तात्या म्हणाले. मला! आणि "चाय घे" कोणी म्हणालं नाही, कारण माझ्या वाटचा चहा पोरांनी पिऊन टाकला होता.

हे इथवर मी सोडूनही दिलं असतं. पण सकाळी दुकानात गेलो तर तात्या बाकड्यावर बसून पाच-सहा जणांना शेवटची उडी सांगतायत. जी त्यांनी पाहिलेली नाही. कोणीच पाहिलेली नाही. "उडालो तो उडालोच. खाली येवचा नावच नाय. इतको वेळ माणूस हवेत रवलेलो मी बघूक नाय कधी." लोक तोंड उघडून ऐकतायत. वाऱ्याचे मार्क, पाच परीक्षक, कडेचे दोन काढायचे, 1.8, सगळं माझं, शब्दनशब्द माझं, तात्यांच्या आवाजात.

दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "खरा काय रे? जिकलो कोण मगे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "ह्येका काय इचारतास? ह्यो भायर झेलो धरून उभो हुतो."

सगळे हसले. विजेत्याचं नाव मला तोपर्यंत माहीत झालं होतं, भावाचा मेसेज आला होता. सांगितलं नाही. आणि इथेही लिहिणार नाही.

निघताना तात्यांनी हाक मारली, "झिला, आज रातीक काय हा? येताना जास्तीचो पॅक मारून ये."

पैसे कोण देणार, ते काही बोलले नाहीत.