दहा दिवसांत मराठी लेखन? आधी तो मोबाइल बाजूला ठेवा

मुलुंडच्या बहिणीने फॉरवर्ड पाठवला: ‘इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं मराठी लेखन १० दिवसांत पक्कं’. उपाय चार. रोमन अक्षरांत टाइप करून मोबाइल जे देवनागरी दाखवेल ते वहीत उतरवा. १५ निबंध पाठ करा. प्रत्येक चूक लाल पेनाने सुधारून दहादा लिहून घ्या. गोष्टीची पुस्तकं परीक्षेनंतर. खाली तिचा प्रश्न, ‘दादा, करू का सुरू?’

अजिबात नको.

२०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, पालकांची धांदल समजू शकते. पण तो पहिला उपाय! बी-ए-एल टाइप केलं की बल, बाल, बाळ अशी रांग येते आणि मूल पहिला शब्द दाबून मोकळं होतं. ल की ळ, न की ण, हे कानाने ओळखून हाताने लिहायचं असतं. इथे तो निर्णय मोबाइलच घेतो. ‘फूल’चं ‘फुलाला’ होताना उकार ऱ्हस्व होतो, हे मुलाच्या लक्षातही येत नाही. उत्तरपत्रिकेत शब्द सुचवणारं कोण असतं? शिवाय मुलं खरी अडतात ती सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं तिथे. ‘शाळामध्ये’, ‘माणूसला’ हे कीबोर्ड बिनतक्रार लिहू देतो. घरी हिंदी असलेलं मूल ‘मी पुस्तक वाचली’ लिहितं, कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही. टाइप केलं म्हणून ते ‘वाचलं’ होत नाही.

त्यापेक्षा आधी तोंडी घ्या. चित्र दाखवून पाच वाक्यं बोलवून घ्या, तीच हाताने लिहू द्या, मग ‘म्हणून’, ‘पण’, ‘तेव्हा’ वापरून पाचाची तीन करायला लावा. साठेक शब्द झाले की पुरे.

लाल पेन? या आठवड्यात फक्त सामान्यरूप तपासा. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारा, बरोबर रूप लिहून देऊ नका. ते मुलाने शोधायचं आणि परिच्छेद पुन्हा लिहायचा. अख्खं पान लाल केलं की पुढच्या वेळी मूल येतात तेवढेच शब्द वापरतं. चुका कमी दिसतात, घरचे खूश.

पाठांतराचं थोडं मान्य करावं लागेल. औपचारिक पत्राचा साचा (दिनांक, प्रति, विषय, मायना) पाठच हवा. निबंधांचं तसं नाही. ‘पावसाळा’ घोकलेल्याला ‘पाऊस पडलाच नाही तर’ आला की संपलं.

आणि पुस्तकं परीक्षेनंतर म्हणे! फिजीत इंग्रजी ही मुलांची दुसरी भाषा. तिथल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना वॉरिक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई या संशोधकांनी इंग्रजी गोष्टींची २५० सचित्र पुस्तकं दिली. आठ महिन्यांत वाचनातली प्रगती नेहमीच्या दुप्पट झाली, २० महिन्यांनी फायदा लेखनातही दिसला. १९८३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही महिने लागले, दहा दिवस नव्हेत. शाळेच्या लायब्ररीतलं मराठी कपाट कुलूपबंद असेल, तर पुढच्या पालकसभेत किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.