ॲव्हरेज किती देते?

जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाला गावात स्वतःचे नाव फार दिवस राहत नाही. तो ‘जीपवाले’ होतो, आणि जीपवाल्यांना काय विचारायचे हे साऱ्या जिल्ह्याने एकमताने ठरवून ठेवलेले आहे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, इतकेच काय पण तेराव्याच्या जेवणात पंगत बसता बसतासुद्धा, कोणी तरी आपल्याकडे झुकून आवाज खाली आणतो आणि विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” गाडी कोणत्या सालची, चढाला कशी चालते, सुटे भाग कुठे मिळतात, हे प्रश्न बहुधा येतच नाहीत. ॲव्हरेजचे उत्तर मिळाले की समोरचा मनुष्य माझ्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती एरवी जुगारात शेत घालवलेल्यांसाठी राखीव असते.

माझ्याकडे 1969 सालची सीजे-थ्री-बी जीप आहे. मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलिस कंपनीचा. महिंद्रने 1947 मध्ये मुंबईत विलिसच्या जीप जुळवायला सुरुवात केली. थ्री-बी ही तिकडे 1953 मध्ये आली आणि 1968 मध्ये बंदही झाली, पण आपल्याकडे ती त्यानंतरही निघत राहिली. तिकडे संपलेली गोष्ट इकडे जिव्हाळ्याने चालू ठेवण्याची आपली परंपरा जुनीच आहे. हिचे बॉनेट कपाळ वर केल्यासारखे उंच दिसते, त्याला कारण आहे. आत जे ‘हरिकेन’ इंजिन आहे, त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटला वर सरकावे लागले. इंजिन 2199 सीसीचे, चार सिलिंडरचे, कागदावर 75 अश्वशक्तीचे. आज त्यांतले किती अश्व हजर असतात, हा हजेरीपटाचा प्रश्न आहे; पेट्रोल मात्र सगळ्यांच्या नावावर उचलले जाते.

आता ॲव्हरेज सांगायचा तर आधी तो मोजावा लागतो, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. जीपचा किलोमीटरचा आकडा माझ्या ताब्यात येण्यापूर्वीच एका जागी थांबलेला होता. पेट्रोलचा काटा चढावर अर्धी टाकी, उतारावर पाव टाकी आणि खड्ड्यात दोन्ही दाखवतो. टाकी चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे आपण ज्यावर बसलो आहोत ते किती उरले आहे, हे जाणण्यासाठी खाली उतरून टाकीत लाकडी पट्टी बुडवावी लागते. ओली झालेली खूण वाळण्याच्या आत वाचायची असते आणि ती वाचताना शेजारी कोणी विडी ओढत नाही ना, हेही पाहायचे असते. शेवटी मी रीतसर पद्धत अवलंबली. साताऱ्यात टाकी तोंडापर्यंत भरायची, मेढ्यावरून महाबळेश्वरला जायचे, परत यायचे आणि त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरायची. अंतर जाऊन-येऊन साधारण 110 किलोमीटर. पण टाकी तोंडापर्यंत भरली की घाटातल्या पहिल्याच वळणावर झाकणातून पेट्रोल झिरपू लागते, त्यामुळे जाळलेले किती आणि सांडलेले किती, याचा हिशेब लागत नाही. दोन्ही धरून लिटरला सात किलोमीटर पडतात. सांडलेले वगळून आकडा बरा दिसला असता, पण पंपवाला सांडलेल्याचेही पैसे घेतो.

हा आकडा एवढा खाली का, याचे उत्तर माझ्या पायात किंवा मिस्त्रींच्या हातात नसून गाडीच्या हाडात आहे. ती नांगराला, पंपाला, चिखलाला जुंपण्यासाठी घडवलेली आहे; हमरस्त्यावर तिने ट्रकला मागे टाकावे, असे तिच्या जन्मदात्यांच्या मनातही नव्हते. चाकाचा एक फेरा होण्यासाठी वरच्या गिअरमध्येसुद्धा इंजिनाला 5.38 फेरे घ्यावे लागतात. म्हणजे गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असताना इंजिन मिनिटाला सुमारे 2400 फेरे मारत असते आणि आत बसलेल्यांना ते मोजताही येतात. गिअर तीनच. समोरची काच उभी, भिंतीसारखी. ती हवा कापत नाही, ढकलते. शिवाय इंजिनाचा दाबाचा आकडा, म्हणजे कॉम्प्रेशन, सातालाही थोडा कमीच. ते इंजिन हलक्या दर्जाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून तसे ठेवलेले आहे. त्यामुळे पंपावरचा मुलगा अदबीने “साहेब, प्रीमियम टाकू का?” असे विचारतो, तेव्हा मला त्याची कीव येते. वरच्या दर्जाचे पेट्रोल हे जास्त दाबाच्या इंजिनांचे खाद्य आहे. माझ्या इंजिनाला त्यातला फरक कळत नाही. फरक फक्त मला कळतो, आणि तो पावतीवर.

पेट्रोलमध्येच राहून काही सुधारणा करता येतात, नाही असे नाही. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची, फट वीस थाउ, प्लगची तीस; थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गेज घालून नीट लावली आणि पॉलिश पेपरने पॉइंट घासले, की इंजिन काही दिवस शहाण्यासारखे वागते. हँडब्रेक या गाडीत चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर आहे. तो किंचित ओढलेला राहिला तर आपण पेट्रोल जाळून ब्रेकचा पट्टा भाजत राहतो. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब बसवले, तर टू-व्हीलमध्ये चालवताना पुढचा सगळा लवाजमा चाकांबरोबर उगाच फिरत नाही. आर्थर वॉर्न नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1948 मध्ये असले हब विकायचा उद्योग काढला, तो नेमक्या या विलिस जीपसाठीच. म्हणजे ॲव्हरेजचा प्रश्न फक्त आपल्याकडचेच लोक विचारतात, हा माझा समज त्या गृहस्थाने खोटा पाडला. मी हब बसवले. त्याने आकडा सातावरून साडेसातावर गेला असावा, पण ती वाढ सांडण्यात बसते की जळण्यात, हे पट्टीने ठरवता येत नाही.

इथे शेजारच्या नानांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नाना सेवानिवृत्त आहेत आणि माझ्या जीपबद्दल त्यांना माझ्यापेक्षा अधिक काळजी वाटते. “फोर बाय फोर टाकून चालवत जा की रे, चारी चाकांनी ओढलं म्हणजे इंजिनावरचा ताण वाटला जाईल,” असा सल्ला त्यांनी मला फाटकावर उभे राहून दिला. या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जुळणी, नाही, वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात, आणि डांबरी रस्त्यावर चाके घसरून ती तफावत भागवू शकत नसल्यामुळे सगळा पीळ शाफ्टांत साठतो, स्टिअरिंग दगडासारखे होते आणि पेट्रोल वाचण्याऐवजी वाढते, हे मी त्यांना हातांची बोटे फिरवून समजावले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग चार चाकांचे पैसे भरलेसच कशाला?”

पेट्रोलचे उपाय संपले की इंजिन बदलण्याचे सल्ले सुरू होतात. या विषयावर आमच्या भागात पंथ पडलेले आहेत आणि एका पंथाचा मिस्त्री दुसऱ्याच्या दुकानात चहा घेत नाही. माझे मिस्त्री इंटरनॅशनलवाले, म्हणजे ‘इंटरनॅशनल’ डिझेल इंजिन बसवा म्हणणारे. ते इंजिन मुळात ट्रॅक्टरच्या कुळातले; ताकद भरपूर, घाई अजिबात नाही. हळू फिरणारे इंजिन आणि 5.38 चा धुरा एकत्र आले, की जीप ज्या वेगाने चालते त्या वेगाने पेरणी उत्तम होते. दुसरा पंथ पिजोवाल्यांचा. फ्रेंच प्यूजोचे एक्सडीपी हे 2112 सीसीचे, 62 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन ऐंशीच्या दशकात महिंद्रच्या एमएम 540 जीपमध्ये आले आणि जीपला प्रथमच थोडी सभ्यता आली. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटते, म्हणून आवाज मऊ असतो. पण थंडीत हीटर प्लग तापेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि आज त्याचा एखादा भाग हवा असला तर मिस्त्री आधी कपाळाला हात लावतात आणि मग फोनला. तिसरा पंथ डीआयवाल्यांचा, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचा. इथे डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते, उष्णता वाया कमी जाते आणि ॲव्हरेज तिघांत सर्वांत चांगला पडतो. मात्र त्याचा खडखडाट असा, की गाडीत शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींशी बोलायचे असल्यास ते घरूनच बोलून निघावे लागते. काही संसारांना तेही मानवते. याशिवाय मॅटॅडोरचे इंजिन सुचवणारा एक सूक्ष्म पंथ आहे. त्या इंजिनाचे मूळ मर्सिडीजकडे जाते, हे ते सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घराण्याचे तेज येते. धाकटा भाचा मोटर आणि बॅटरी बसवा म्हणतो. तो अजून कमवत नाही.

“साहेब, आवो डिझेल बसवा आन् निवांत व्हा,” हे मिस्त्रींचे पालुपद आहे. त्या निवांतपणाची किंमत मी एकदा कागदावर मांडली. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बदला. जुना गिअरबॉक्स जुळत नाही, म्हणून तोही बदला. रेडिएटर मोठा करा, माउंटिंग कापून नव्याने वेल्डिंग करा, सायलेन्सरची वाट वळवा. धरून चाला दीड लाख. पेट्रोलवर किलोमीटरला सुमारे 15 रुपये पडतात, डिझेलवर लिटरला 12 किलोमीटर धरले तर साडेसात. म्हणजे दर किलोमीटरला साडेसात रुपये वाचतात आणि दीड लाख भरून निघायला 20,000 किलोमीटर लागतात. माझी जीप वर्षाकाठी हजारेक किलोमीटर चालते. वीस वर्षांनी मी फायद्यात येईन. हा हिशेब मी मिस्त्रींना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मग जास्ती फिरवा की!” बचतीसाठी एकोणीस हजार किलोमीटर अधिक फिरण्याचा हा विचार इतका तर्कशुद्ध वाटला, की मला घरी येऊन पाणी प्यावे लागले.

सांत्वन मिळते ते आपल्याहून दुःखी माणसाकडून. कोल्हापूरच्या वाटेवर एका धाब्यावर मला जोंगावाले गृहस्थ भेटले. जोंगा ही जबलपूरच्या लष्करी कारखान्यात, निसानच्या आराखड्यावरून सैन्यासाठी घडलेली गाडी. सहा सिलिंडर, 3956 सीसी, पेट्रोल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांपैकी कोणीही ॲव्हरेज विचारला नाही. इतकी सभ्यता मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे. निघताना ते एवढेच म्हणाले, “तुमची बरी, चारच सिलिंडर.”

अलीकडे या सगळ्यात ऊस शिरला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते, त्यामुळे त्याच पैशात सहा-सात टक्के ताकद कमी मिळते. नव्या गाड्या संगणकाने मिश्रण जुळवून घेतात. माझ्या कार्बोरेटरचा जेट मात्र 1969 मध्ये पाडलेले भोक आहे आणि ते आपल्या मतावर ठाम आहे. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीत एके दिवशी काळे कण तरंगताना दिसले, ते आतून सुटत चाललेल्या नळीचे होते. पंपाचा पडदाही फुगून सैल झालेला होता. नळ्या आणि पडदा नवे बसवताना मिस्त्री म्हणाले, “आपल्याच कारखान्याचा माल हाय साहेब, तक्रार कुणाकडं करणार?” आमच्या घराण्याचे शेअर त्या कारखान्यात आहेत, त्यामुळे आकडा साडेसातावरून पुन्हा सातावर आला, तरी अर्धा किलोमीटर घरातच राहिला, असे मी मनाला समजावतो.

इंजिन बदलण्याचा विषय अखेर माझ्यापुरता मिटला, तो हिशेबाने नव्हे तर नियमाने. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये जुन्या गाड्यांची वेगळी सोय झाली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल आणि तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. पिजो, डीआय, इंटरनॅशनल यांपैकी कोणीही आत शिरला की हा मान गेला. मी मूळ इंजिनासह अर्ज भरायला घेतला आणि अटी वाचत गेलो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येणार नाही. ती रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, तांत्रिक संशोधनासाठी, दुरुस्तीसाठी आणि इंधन भरण्यासाठी. शेवटची सवलत ज्याने घातली, त्या अधिकाऱ्याच्या घरी नक्कीच अशी एखादी गाडी असली पाहिजे. कारण माझी जीप पंपावर जाऊन परत आली, की पुन्हा पंपावर जाण्याइतपत रिकामी झालेली असते. पंप कोणता निवडावा, याबद्दल नियमात अवाक्षर नाही, आणि नानांना मी आताच सांगून ठेवले आहे, की माझ्या अनुभवाने सर्वांत भरवशाचे पेट्रोल महाबळेश्वरला मिळते.